'सी' आणि 'एच' : दोन अक्षरे, तीन उच्चार

(खेड्यांतील उपदेशकांकरिता व घरी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता एक पाठ)

वाचनाकरिता शास्त्रभाग : शास्ते १२:४-६, १ करिंथ १३:१-३, १ करिंथ १४:६-१९



गेल्या पावसाळ्यात सोलापुरास आपल्या मंडळ्यांची एक सभा भरली होती. कार्यक्रम फळ्यावर इंग्रजीत लिहिलेला होता. तो मोठ्याने वाचून दाखविण्याचे काम अक्कलकोट तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या तरुण उपदेशकाने आपण होऊन पत्करले. पहिल्या तीन ओळी त्याने नीट वाचल्या. चौथ्या ओळीत गायकमंडळाच्या गीताचा उल्लेख होता. गायकमंडळास इंग्रजीत 'क्वायर' म्हणतात. तो शब्द सी, एच, ओ, आय, आर असा लिहितात. आमच्या ह्या बंधूने अक्षरे पाहून सरळ 'चॉयर' असे वाचले. मागील बाकांवर हशा पिकला. हसणारे कोणी परके नव्हते. शहरातील शाळांत शिकलेली आपलीच मुलेमाणसे होती. खरे सांगावयाचे तर आम्हीही ओठांतल्या ओठांत हसलो.

तो खाली बसला आणि सभा संपेपर्यंत बोलला नाही. जेवणाच्या पंक्तीत तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, आमची घरची भाषा कानडी. मराठी आम्ही मंडळीत शिकलो. इंग्रजी काही आमच्या नशिबी नाही. संध्याकाळी गावातील पोरांना इंग्रजी अक्षरे शिकवीत होतो, तेही आता बंद करतो. ज्याला स्वतःला येत नाही त्याने दुसऱ्यास काय शिकवावे?"

त्याच्या त्या वर्गात अकरा मुले येत होती. एका हशाची किंमत अकरा मुलांनी भरावी हे आम्हांस बरे वाटले नाही, आणि त्या हशात आमचाही वाटा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्याजवळ पाटी घेऊन बसलो व ह्या दोन अक्षरांचा पाठ दोघांनी मिळून केला. तोच पाठ आज सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही अक्षरे एकत्र कशी आली

नवा करार ज्या हेल्लेणी भाषेत, म्हणजे ग्रीक भाषेत, लिहिला गेला तिच्यात 'खी' नावाचे एक अक्षर आहे. प्राचीन काळी त्याचा उच्चार आपल्या 'ख'सारखा होत असे. रोमी लोकांच्या लॅटिन भाषेत हा ध्वनी नव्हता, त्यामुळे त्याकरिता अक्षरही नव्हते. त्यांनी 'क'करिता सी घेतला, त्यास श्वासाचा एच जोडला आणि काम भागविले. आपणही क् व ह् यांचा मिळून ख होतो असेच समजतो. तेव्हा ह्या जोडीचा मूळ अर्थ 'ख' होय, हे प्रथम ध्यानात धरावे.

पुढे फ्रेंच लोकांनी हीच जोडी आपल्या भाषेतील 'च' ह्या उच्चाराकरिता वापरली. इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले. त्यांचे लेखक इंग्रजी लिहू लागले तेव्हा त्यांनी ती रीत तेथे नेली. कालांतराने फ्रेंच लोकांच्याच तोंडी ह्या 'च'चा 'श' झाला. अशा रीतीने एकाच जोडीचे तीन उच्चार झाले. शब्द कोणत्या घरून आणि कोणत्या काळी आला हे कळले म्हणजे उच्चार बहुधा आपोआप कळतो.

हे ऐकून कोणी म्हणेल की, इंग्रजी भाषा फार अवघड आहे बुवा! पण आपल्या घरात पाहा. आपण 'चंद्र', 'चरण', 'चतुर' म्हणतो तो 'च' निराळा, आणि 'चूल', 'चोर', 'चाक' म्हणतो तो निराळा. अक्षर मात्र एकच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा एका रीतीने बोलले जातात व घरगुती शब्द पुष्कळदा दुसऱ्या. मराठी घरात जन्मलेल्या मुलास हे कोणी शिकवीत नाही. पण कानडी घरातील मूल मराठी शाळेत येते तेव्हा 'चोर' शब्दाला अडखळते, आणि तेथेही कोणी तरी हसतोच.

पहिला वर्ग : 'च' उच्चाराचे शब्द

ह्यात पहिले अस्सल इंग्रजी घरचे : चाइल्ड म्हणजे मूल, चिन म्हणजे हनुवटी, चीक म्हणजे गाल, टीच म्हणजे शिकविणे, रीच म्हणजे पोहोचणे, चूज म्हणजे निवडणे.

दुसरे, जुन्या काळी फ्रेंच भाषेतून आलेले. त्यांपैकी काही आपल्या नित्य कामाचे आहेत.

चॅप्टर म्हणजे अध्याय. ह्याचा मूळ अर्थ 'लहान डोके' असा आहे. अध्यायाच्या डोक्यावर जे शीर्षक घालीत त्यावरून हे नाव पडले.

चार्ज म्हणजे सोपविलेले काम. नव्या पाळकाने मंडळीचा 'चार्ज' घेतला असे आपण बोलतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गाडीत ओझे भरणे असा आहे. चार्ज घेणाऱ्याने बैलगाडीकडे एकदा पाहावे. गाडी शोभेकरिता नसून ओझे नेण्याकरिता असते.

चॅपल म्हणजे लहान प्रार्थनामंदिर. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या शिपायाने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. तो झगा पुढे ज्या जागी जपून ठेवीत, त्या जागेस 'लहान झगा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव मिळाले.

चेक हा शब्द सोलापूरकरांस चांगला ठाऊक आहे. चौकड्यांच्या कापडास आपल्या विणकरांच्या पेठांत चेक म्हणतात. हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला, आणि बुद्धिबळातील तो शब्द फारशी 'शाह' म्हणजे राजा ह्यापासून निघाला. आपण राजाला 'शह' देतो तो शब्दही त्याच घरचा. म्हणजे इंग्रजांचा चेक आणि मराठ्यांचा शह हे सख्खे भाऊ होत. एक पश्चिमेच्या वाटेने गेला, एक आपल्या दारी आला.

चॅरिटी ह्या शब्दापाशी उपदेशकांनी थांबावे. आज ह्याचा अर्थ दानधर्म असा होतो. परंतु १६११ साली छापलेल्या जुन्या इंग्रजी बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सर्वत्र हाच शब्द घातला आहे. तेथे त्याचा अर्थ प्रीती असा आहे. जो कोणी ते जुने बायबल उघडून आजच्या अर्थाने उपदेश करील, तो दानधर्म सर्वांत श्रेष्ठ आहे असे सांगून बसेल. आणि त्याच अध्यायाचे तिसरे वचन त्यास खोटे ठरवील. कारण सर्वस्व गरिबांस वाटूनही ही गोष्ट अंगी नसली तर काही लाभ नाही, असे पौल तेथे सांगतो. १८८१ साली नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर सुधारले तेव्हा चॅरिटी काढून त्या जागी प्रीतीचा साधा इंग्रजी शब्द, 'लव्ह', घातला. आपल्या मराठी शास्त्रात 'प्रीती' हाच शब्द आहे. येथे मराठी वाचणारा इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा सुखी आहे.

चर्च हाही शब्द ह्याच वर्गातला. 'प्रभूचे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला. त्या मूळ शब्दात मात्र 'ख' नसून 'क' आहे, आणि स्कॉटलंडात अजून त्यास 'कर्क' म्हणतात. नव्या करारात विश्वासणाऱ्यांच्या समुदायास निराळाच शब्द आहे, 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमविलेले लोक. गोव्यातील ख्रिस्ती लोक मंदिरास 'इगर्ज' म्हणतात तो शब्द ह्या एक्लेसियापासून पोर्तुगीज वाटेने आला. इंग्रजीत इमारतीस चर्च व लोकांसही चर्च. आपण मात्र लोकांस मंडळी म्हणतो. भिंत पडली म्हणून मंडळी पडत नाही, हे आपल्या भाषेत समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा वर्ग : 'क' उच्चाराचे शब्द

हे बहुतेक ग्रीक घरचे, म्हणून त्यांत मुळात 'ख' होता. इंग्रजांच्या तोंडी तो 'क' झाला.

स्कूल म्हणजे शाळा. मूळ अर्थ फुरसत. ज्याला पोटाच्या कामातून फुरसत मिळे तोच शिके, म्हणून हे नाव पडले. दिवसभर रानात राबून रात्री पाटी घेऊन बसणाऱ्या आपल्या मुलांनी ह्या शब्दास नवा अर्थ दिला आहे.

केमिस्ट म्हणजे औषधे विकणारा किंवा रसायने जाणणारा. ग्रीक शब्द अरबांनी घेतला, त्यांच्याकडून तो युरोपास परत गेला, आणि आपल्याकडे 'किमया' होऊन आला.

स्टमक म्हणजे पोट. एको म्हणजे प्रतिध्वनी. कोरस म्हणजे सर्वांनी मिळून गावयाचे पद.

आर्किटेक्ट म्हणजे इमारतीचा आराखडा करणारा. पौलाने स्वतःस कुशल बांधणारा म्हटले आहे (१ करिंथ ३:१०), तेथे मूळ भाषेत हाच शब्द आहे.

कॅरेक्टर म्हणजे शील, स्वभाव. मूळ अर्थ धातूवर उठविलेला छाप. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात पुत्र हा देवाच्या तत्त्वाचा हुबेहूब ठसा आहे असे सांगताना हाच शब्द घातला आहे.

आणि सर्वांत मोठा शब्द क्राइस्ट. त्याचा अर्थ अभिषिक्त. इब्री भाषेत मसीहा. आता पाहा, इंग्रज 'क' म्हणतो व आपण 'ख्रिस्त' म्हणतो. दोहोंत प्राचीन ग्रीक उच्चाराजवळ कोण? आपण. ज्या खेडुतास आपला उच्चार अडाणी वाटतो, त्याच्या तोंडी तारणाऱ्याचे नाव मूळ 'ख'सह राहिले आहे.

तिसरा वर्ग : 'श' उच्चाराचे शब्द

हे फ्रेंच भाषेतून उशिरा आलेले, म्हणून थोडे आहेत. मुस्टॅश म्हणजे मिशा. ब्रोशर म्हणजे माहितीची पत्रिका. शेफ म्हणजे मोठ्या खानावळीतील मुख्य आचारी. मशीन म्हणजे यंत्र.

येथे दोन जोड्या पाठ कराव्या. चीफ म्हणजे प्रमुख, व शेफ म्हणजे प्रमुख आचारी : हा मुळात एकच शब्द, 'डोके' ह्या अर्थाचा. लवकर आला तो 'च' घेऊन आला, एकोणिसाव्या शतकात आला तो 'श' घेऊन आला. दुसरी जोडी मेकॅनिक व मशीन. दोन्ही एकाच ग्रीक शब्दापासून. एक लॅटिनच्या वाटेने 'क' राखून आला, दुसरा फ्रेंच वाटेने 'श' होऊन. गिरण्यांच्या भोंग्यावर एके काळी ज्या शहराचा दिवस उगवत असे, त्या आमच्या सोलापुरात माग दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि त्याच्यापुढील मशीन हे बहीणभाऊ आहेत हे किती जणांस ठाऊक असेल?

शास्त्रातील नावे

इतके झाल्यावर आम्ही आमच्या तरुण बंधूस म्हणालो, "आता इंग्रजी बायबलातील ह्याच दोन अक्षरांची नावे घेऊ." इंग्रजीत मायकल, मॅलकाय, झेकराया, रेचल, जेरिको, ईनॉक, मेल्किझेडेक अशी नावे आहेत, सर्वांत हीच जोडी. "ही मराठीत कशी?" असे विचारताच तो न अडखळता म्हणाला, "मीखाएल, मलाखी, जखऱ्या, राहेल, यरीहो, हनोख, मलकीसदेक." मग थोडा थांबून त्यानेच विचारले, "साहेब, इंग्रजीत एकच जोडी, मग मराठीत कुठे ख, कुठे ह, कुठे क, असे का?"

प्रश्न फार मोलाचा होता. इब्री भाषेत येथे दोन निराळी अक्षरे आहेत. एक 'हेथ', घशातून काढलेला ह. तो राहेल व यरीहो ह्या नावांत आहे. दुसरे 'काफ', ते जागेप्रमाणे कधी 'क' कधी 'ख' असे बोलले जाते. मीखाएल, मलाखी व जखऱ्या ह्यांत ते 'ख' आहे, मलकीसदेक ह्यात 'क' आहे. हनोख ह्या एका नावात आरंभी हेथ व शेवटी काफ अशी दोन्ही आहेत. इंग्रजी लिहिणीत काफ आणि मधला हेथ ही दोन्ही अक्षरे एकाच जोडीत मिसळून गेली. आपल्या मराठी भाषांतरात ती निरनिराळी राखली आहेत. ज्या बंधूला 'क्वायर' वाचता आले नाही, त्यास हा भेद पाठ होता. तो भेद आहे एवढेच त्यास कोणी सांगितले नव्हते.

मूळ भाषांकडे जाण्याचे हे काम परक्यांनीच केले असेही नव्हे. पंडिता रमाबाई ह्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकून सर्व शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्या १९२२ साली प्रभूकडे गेल्या व ते शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. पुण्याहून सोलापुरास येणारी आगगाडी त्यांच्या केडगावावरूनच येते.

अंत्युखिया हेही नाव ध्यानात ठेवावे. ते ग्रीक 'खी'चे आहे. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम त्याच नगरात मिळाले (प्रेषितांची कृत्ये ११:२६). गावाचे नाव व लोकांचे नाव, दोहोंत हीच अक्षरे.

'क्वायर' शब्दाचा न्याय

आता ज्या शब्दावरून हे सर्व घडले त्याचा न्याय करू. हा शब्द इंग्रजीत पूर्वी क्यू अक्षराने आरंभ करून लिहीत, व तो 'क्वायर' असा वाचणे तेव्हा सरळ होते. सतराव्या शतकात, हा शब्द लॅटिन 'कोरस'पासून आला आहे हे दाखविण्याकरिता त्याचे लेखन बदलले. उच्चार मात्र जुनाच ठेवला. म्हणजे अक्षरे एका काळची व उच्चार दुसऱ्या काळचा. अक्षरांवरून 'क्वायर' कोणासही काढता येणार नाही. तो कानाने ऐकून पाठच करावा लागतो. ज्यांनी ऐकला ते हसले, ज्याने ऐकला नव्हता त्याने अक्षरांशी इमान राखले. चूक झाली खरी, पण ती अज्ञानाची होती, आळसाची नव्हे.

पंडितांच्याही चुका ह्या शब्दांत बसून राहिल्या आहेत. अँकर म्हणजे नांगर, जहाजाचा. मूळ ग्रीक शब्दात 'खी' नाही, साधा 'क' आहे. तो शब्द ग्रीक वळणाचा दिसावा म्हणून कोणी तरी त्यात उगाच एच घातला. तो एच आजपर्यंत तेथे आहे व त्यास कोणी हसत नाही. मोठ्यांची चूक पुस्तकात छापली जाते, लहानांची चूक सभेत हसली जाते.

शिब्बोलेथ

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एका अक्षराची भयंकर कथा आहे. गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार धरले. पळून जाणारा एफ्राइमी आहे की नाही हे ओळखण्याकरिता ते त्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. एफ्राइमी लोकांस 'श' म्हणता येत नसे; ते 'सिब्बोलेथ' म्हणत आणि तेथेच मारले जात. बेचाळीस हजार माणसे पडली. त्या शब्दाचा अर्थ काय? कणीस! मंगळवेढ्याच्या रानात ज्वारीला जे येते ते कणीस. ज्याने माणसाचे पोट भरावे त्या शब्दाची तरवार केली. आणि दोन्हीकडचे लोक एकाच इस्राएलाचे होते.

आमच्या सोलापुरात मराठी, कानडी व तेलुगू ह्या तीन भाषा रोज एका बाजारात भेटतात. 'न' आणि 'ण', 'स' आणि 'श' ह्यांवरून एकमेकांस हसण्याची सोय येथे फार आहे. मंडळीत ती सोय बंद झाली पाहिजे. पेत्रासही अंगणातील लोकांनी बोलीवरूनच गालीली म्हणून ओळखले (मत्तय २६:७३), आणि त्याच गालीली तोंडाने पन्नासाव्या दिवशी देवाने सुवार्ता सांगविली.

शेवटचा शब्द

पाटी पुसण्यापूर्वी आम्ही एक शब्द लिहिला : कॅटेकिस्ट, म्हणजे उपदेशक. तो बंधू पाहतच राहिला. "माझ्या कामाच्या नावातच ती दोन अक्षरे आहेत काय?" होय. ग्रीक भाषेत 'कानी घुमेल असे सांगणे' हा त्याचा मूळ अर्थ, आणि एको म्हणजे प्रतिध्वनी हा त्याच्याच कुळातील शब्द. लूकाने थियफिलास मिळालेल्या शिक्षणाविषयी लिहिले (लूक १:४) तेथे हेच क्रियापद आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, एकोणिसाव्या वचनात, न कळणाऱ्या भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्यांस शिकविण्याकरिता समजून बोललेले पाच शब्द बरे, असे पौल म्हणतो. तेथील 'शिकविणे' तेच.

आणि तेराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, प्रीती नसलेला मनुष्य केवळ वाजणारे कांसे होय असे म्हटले आहे. तेथील 'वाजणारे' हा शब्दही त्याच कुळाचा. तेव्हा उपदेशक आणि वाजते कांसे ह्यांत अंतर एकाच गोष्टीचे. ज्यांचे उच्चार शुद्ध होते आणि जे हसले, त्यांनी, व आम्हीही, त्या दिवशी आपण कोणत्या बाजूस होतो ह्याचा विचार करावा.

अकरा मुलांचा वर्ग पुन्हा सुरू झाला आहे.

पाठावरील प्रश्न

१. चाइल्ड, स्कूल, मशीन ह्या तीन शब्दांत ही दोन अक्षरे कोणकोणत्या रीतीने उच्चारतात? प्रत्येक शब्द कोणत्या घरचा?
२. चॅरिटी ह्या शब्दाचा १६११ च्या बायबलातील अर्थ व आजचा अर्थ ह्यांत भेद काय?
३. राहेल, मीखाएल व मलकीसदेक ह्या नावांत मराठीत ह, ख व क का आले?
४. आपल्या गावात कोणाच्या बोलण्यास लोक हसतात? त्याच्याकरिता मंडळीने काय करावे?
५. ह्या पाठातील पाच शब्द निवडा, नीट समजून घ्या, आणि येत्या आठवड्यात घरातील एका माणसास शिकवा. पाच पुरेत.